बाजेवरची शिकवणी

गोजराबाई बाजेवर आडवी झाली ती फक्त दाखवण्यापुरती. बाजेखाली शेगडी होती, निखाऱ्यांवर ओवा आणि शेपा टाकलेला होता. धूर अंगाला लागू लागला तशी तिने लेकीला बजावले, "धुरी अशी घ्याची. पाय जवळ घेऊन, कानाले फडकं बांधून. पाहून राह्यली ना?"

"पाहून राह्यली," प्रयाग म्हणाली. "पन माय, मले भेव लागते. अजून थोडा वेळ दाखव."

गोजराबाईने सुस्कारा सोडला आणि अजून थोडा वेळ दाखवले. पोटुशी लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची, आणि आईच नुकती बाळंत होऊन बसलेली. यापरती लाज कोणती? त्यातून ही बाई साधीसुधी नव्हे. गेल्या साली पहिल्यांदा मतदान झाले, तेव्हा रांगेत उभ्या उभ्या तिने पुढच्या बायांची चाल पाहून कुणाला कितवा महिना ते सांगितले होते, आणि एकही चुकला नव्हता. स्वतःच्या बाबतीत मात्र तिला पोटात वारा धरून वायगोळा झाल्यासारखा वाटला. पाळी गेली, सुटले एकदाची, असे तिने वाशीमच्या बाजारात भाजी विकता विकता साऱ्यांना सांगूनही टाकले. रोज ओव्याची फक्की मारली. एके दिवशी वायगोळ्यानेच आतून लाथ मारली, तेव्हा कुठे बाईच्या डोक्यात प्रकाश पडला.

पोरगा झाला तो मळ्यातच, वांग्याच्या वाफ्याच्या कडेला. नवऱ्याला, नथ्थूला, सांगताना तिने तोंडावर पदर घेतला. या वयात बाजेवर पडून लाडू खाल्ले असते, तर लोकांनी तोंडात शेण घातले असते. म्हणून सोयर फिटताच ती खुरपे घेऊन मळ्यात गेली. डोळ्यांपुढे अंधारी यायची, मग ती बांधाला टेकून बसायची. दूध पुरत नव्हते. पोर रडून रडून निळे पडायचे, आणि हे काही वाचत नाही, अशी भीती तिच्या मनाला चाटून जायची. पण ती कुणाला बोलली नाही. एक दिवस भल्या पहाटे बैल जुंपून नथ्थू लेकीच्या सासरी, अनसिंगला गेला आणि लेकीला घेऊन आला.

गोजराबाईने प्रयागला दारातच आपादमस्तक न्याहाळले. पोरगी मुळातच अंगाने भरलेली. "पोट खाली उतरलं," तिने निकाल दिला. "आठवा सरला ना वं?"

प्रयागने बापाकडे पाहिले. बाप बैल सोडत होता. "हो," ती म्हणाली.

मग काय, डिंक आला, खारीक आली, गोडंबी आली. गोजराबाईने लेकीसाठी डबाभर लाडू वळले. पण लेक भलतीच भित्री निघाली. प्रत्येक गोष्ट तिला आधी करून दाखवावी लागे. तेल कसे जिरवायचे ते कळेना, म्हणून ती आईच्याच अंगाला रोज तेल लावून शिकायची. पोट कसे बांधायचे ते कळेना, म्हणून जुन्या लुगड्याचा पट्टा आईच्याच पोटाला. लाडवाचे तर विचारूच नका.

"मेथी जास्त झाली काय वं, माय? खाऊन पाह्य."

"बराबर झाली."

"एका लाडवात काय समजते? अजून एक खाय."

गोजराबाई खायची. कपाळावर हात मारून घ्यायची आणि खायची. आपल्या पोटी अशी नाजूक पोर कशी जन्मली याचे तिला नवल वाटे. स्वयंपाक मात्र ती बरा करी. धाकटा अलीकडे पोटभर पिऊन गुमान झोपायचा. त्याला आपोआप शहाणपण आले, असे गोजराबाईचे मत होते.

आणि आज डब्यात हात घातला, तर बोटे तळाला लागली. प्रयागचे पोट होते तिथेच, कळांचा पत्ता नाही, आणि लेकीचे लाडू आई खाऊन बसलेली! व्याह्यांना काय तोंड दाखवायचे? नेमकी त्याच वेळी दाराशी गाडी थांबली. जावई हिरालाल आत आला. गोजराबाई धडपडून उठायला गेली, पण पोटाचा पट्टा असा घट्ट की उठवेना. डोईवरून तेल गळत होते, आणि शेवटचा लाडू हातात होता.

"निजा मामी, निजा," हिरालाल म्हणाला. "आता चांगली तब्येत दिसते तुमची. प्रयागले न्याले आलो. सातवा लागला ना, माय म्हने ओटी भराची हाये. बाळंतपनाले आनून घालीन मंग."

"सातवा?" गोजराबाईने लेकीकडे पाहिले. "आन् मले आठवा सरला म्हनली?"

"तूच म्हनली. मी हो म्हनलं," प्रयाग म्हणाली. "तुले नीज म्हनलं असतं, त निजली असती काय तू?"

दारात नथ्थू उभा होता. तो एकदम बैलांना चारा टाकायला निघून गेला. गोजराबाईला हसू आले आणि रडूही आले. इतकी बाळंतपणे झाली, पण तिला बाजेवर कुणी निजवले ते हे पहिल्यांदाच, आणि तेही फसवून. साऱ्या मुलखाचे महिने ओळखणाऱ्या त्या बाईच्या घरात बाळंतीण एकच होती, आणि ती सोडून साऱ्यांना ते ठाऊक होते.