अननसाची फोड

बेटाभोवतीच्या पायवाटेवर निळी फुलपाखरं नुसती भिरभिरत होती, पण एकही क्षणभर बसायला तयार नव्हतं. सकाळपासून कॅमेरा घेऊन त्यांच्या मागे धावून मृणाल दमली होती. नवरा, दिगंबर, मागून सावकाश येत होता, उजवा हात खिशात घालून. वर्षभरापूर्वी त्या हाताला कंप सुटला, तेव्हापासून त्याने स्वतःचा एकही फोटो काढू दिला नव्हता.

गर्द सावलीतल्या एका ओंडक्यावर दोघं टेकली. दिगंबरने डब्यातली अननसाची फोड उचलली, हात थरथरला आणि रस मनगटापर्यंत ओघळला. तो ओशाळला. मृणाल रुमाल शोधू लागली, तोच एक निळं फुलपाखरू त्याच्या बोटावर येऊन बसलं आणि सोंड लांबवून रस पिऊ लागलं.

हात कापत होता. त्याच्याबरोबर फुलपाखरूही डुलत होतं, पण उडत नव्हतं.

"उडत कसं नाही गं हे?" त्याने हळूच विचारलं.

"झाडाची पानं तरी कुठे स्थिर असतात?" ती म्हणाली. कॅमेरा तिच्या गळ्यातच होता. पुढचं विचारायचा तिला धीर होत नव्हता.

"अगं, बघत काय बसलीस? काढ की फोटो!"

तिने घाईघाईने एक काढला आणि पडद्यावर पाहिला. "अहो, हात पार धूसर आलाय."

दिगंबरने वाकून बराच वेळ पाहिलं.

"हुबेहूब आलाय की! डिलीट करू नकोस हं," तो म्हणाला, आणि त्याच हाताने त्याने दुसरी फोड उचलली.