पाठमोरी

लेक तासन् तास कसला गेम खेळते ते कळावं म्हणून, ती शाळेत गेली की मीही तो खेळायला लागले. त्यातली बाई सतत पाठमोरी दिसते. आपण तिच्या मागे राहायचं आणि बटणं दाबून तिला चालवायचं. तिचा चेहरा काही दिसत नाही.

एकदा भांडी घासता घासता मला माझीच पाठ दिसली. सैल अंबाडा, कललेली क्लिप आणि मानेवर बारीकसा तीळ. क्षणभरच.

"माझ्या मानेवर तीळ आहे का रे?" संध्याकाळी मी नवऱ्याला विचारलं.

"आहे की. लग्नापासून बघतोय," तो हसला. "तुला आज कुणी सांगितलं?"

मी तो गेम माळ्यावर टाकून दिला. लेक रुसली, मग विसरली.

आज दुपारी पुन्हा पाठ दिसली आणि या वेळी ती गेलीच नाही. हात पाण्यात होते, पण पाणी गार की कोमट, तेच कळेना. मी हात थांबवायला गेले, तर ती आपली घासतेच आहे.

बेल वाजली. नळ बंद करून, कुर्त्याला हात पुसत ती दार उघडायला गेली. मी फ्रिजपाशीच राहिले.

लेक दप्तरासकट तिच्या गळ्यात पडली.

"आलं का माझं पिल्लू!" ती माझ्याच आवाजात म्हणाली.

तिच्या खांद्यावरून लेकीनं थेट माझ्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "आई, आपल्याकडे ह्या कोण काकू आल्यात?"