मरत नाही म्हणून

“गाडी चालतेय ना अजून, मग तिला मारताय कशाला?” मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून अमेरिकेत पॅसाडीनाच्या अवकाश केंद्रातल्या भरल्या सभागृहात तालीनने तिथल्या मोठ्या साहेबांना बेधडक विचारलं.

साहेब हसले. “पोरी, मंगळावर तीन महिने टिकावी म्हणून बनवली होती. अकरा वर्षं झाली, मरायचं नावच घेत नाही! तिच्याशी बोलायला माणसं लागतात, माणसांना पगार लागतो. आपण होऊन बंद पडली असती तर बरं झालं असतं.”

सगळे हसले. गाडी मंगळावर उतरताना शकुन म्हणून शेंगदाणे वाटले होते, तसेच आज निरोपालाही वाटले जात होते. पहिल्या रांगेत तालीनची आई मान खाली घालून बसली होती. अकरा वर्षं तिनेच ती गाडी हाकली होती, आणि उद्या बंद व्हायची आज्ञाही तिनेच पाठवायची होती.

घरी बाबा समजावू लागले, “अगं, नव्या गाडीला पैसा नको का? चिडून काय होणार?”

“मी इंजिनियर होणार!” तालीनने ताट बाजूला सारलं. “माझ्या गाडीला सगळं कळेल. वळ, थांब, दगड फोड, फोटो काढ. फक्त ‘बंद हो’ म्हटलेलं कळणार नाही.”