वरचा एक

“सूर्य विझेल, तोरणा ढासळेल, पण ह्या संख्येला कुणाच्या बापाला भाग लावता येणार नाही!”

रखमाजी गुरुजींनी काठी उंचावून जाहीर केलं. ऐकायला वेल्ह्याच्या एसटी थांब्यावरची दोन-चार माणसं आणि एक शेळी होती. मागं चंद्राबाईंच्या गोठ्याची भिंत. भिंतीवर वीत-वीत उंचीचे एकाचे आकडे ओळीनं रंगवलेले. दुसरा आकडाच नाही.

“कुंपन घातल्यावानी दिसतंय,” दारात उभ्या चंद्राबाई म्हणाल्या.

गुरुजींनी मनावर घेतलं नाही. एकापुढं एक असे एकोणीस एक मांडले की होणारी संख्या मूळ असते. एक आणि ती स्वतः, बाकी कुणीही यावं आणि हात हलवत परत जावं. गावाला अशी एक संख्या असावी, एवढीच त्यांची निवृत्तीनंतरची इच्छा होती. शिवाय अनावरणाला पुण्याहून इनामदार येणार होते. कॉलेजातले वर्गमित्र, पुढं प्राध्यापक झाले आणि गुरुजींना जन्मभर ‘पाढेवाला’ म्हणत आले. आज त्यांचं तोंड बंद व्हायचं होतं.

भोरचा पेंटर जहांगीर ब्रश पुसत होता. गुरुजींनी हौस म्हणून आकडे मोजले. मग घाम पुसून मोजले. मग एकेका आकड्याला काठी टेकवून मोजले.

“जहांगीर, हे वीस आहेत.”

“व्हय गुरुजी. एकोणीस तुमचे. वरचा एक माझ्याकडनं.”

“तुझ्याकडनं?”

“शुभकार्य हाय न्हवं? आहेर करताना शंभरावर एक ठिवतोच की आपन. त्येचे पैसं न्हाई लावले.”

गुरुजी कट्ट्यावर मटकन बसले. “अरे गाढवा, ह्याला आता अकरानं भाग जातो!”

“अकरानं?” जहांगीरचा चेहरा उजळला. “मग तर लईच शुभ!”

“पांढरा मार त्याच्यावर. आधी मार!”

“पांढरा संपला. भोरवरनं आनाया लागंल.”

तेवढ्यात वळणावर इनामदारांची गाडी दिसली. इनामदार पक्के गणिताचे. खाली उतरण्याआधी काचेतूनच मोजणार, भाग लावणार आणि हसणार. तेही मोठ्यानं.

गुरुजींनी गाडीकडं पाहिलं. भिंतीकडं पाहिलं. मग चंद्राबाईंकडं पाहिलं. ज्या आवाजानं तालुक्याच्या दोन पिढ्या चळाचळा कापल्या, तो एकदम गुळात घोळून आला.

“चंद्राबाई, गोठ्यात ताजं शेण असेल ना? तेवढी शेवटच्या आकड्यावर एक गोवरी थापता का?”