सतरा सारस

"अवो ललिताचे बाबा, काय लिवलं हाये त्यात?" सुपातले तांदूळ निवडता निवडता चंद्रकलाबाईंनी विचारलं.

खेमराज गुरुजींनी कार्ड दुसऱ्यांदा वाचलं. 'यंदाच्या आकड्याविषयी समक्ष बोलायचे आहे. रविवारी येतो. तलावावर सोबतच जाऊ.' खाली नागपूरच्या पक्षीमंडळाच्या बोधनकर साहेबांची सही.

"साहेब येऊन राहिले. सारस पाहाले."

"मंग येऊ द्या ना. तुमी काहून घाबरता?"

गुरुजींनी कार्ड खिशात घातलं. घाबरायला कारण होतं आणि ते सांगण्यासारखं नव्हतं.

मोहाडी तालुक्यातल्या तलावांवरचे सारस मोजायला मंडळाने एकोणऐंशी साली गावोगावच्या शिक्षकांना हाताशी धरलं होतं. जानेवारीतला दुसरा रविवार. उजाडताना पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, उभं राहायचं, दिसतील तेवढे मोजायचे आणि फॉर्म भरून टपालात टाकायचा. फॉर्म दोन येत. एक पाठवायला, एक नक्कल ठेवायला.

पहिल्या वर्षी गुरुजी गेले. बारा सारस दिसले, बारा लिहिले. दुसऱ्या वर्षी थंडी कडाक्याची होती, तलाव दोन कोसांवर आणि रजई नवी. गुरुजींनी रजईतूनच तेरा लिहिले. एवढ्याने कुणाचं काय बिघडतं? पुढच्या वर्षी चौदा, मग पुन्हा चौदा, पंधरा, सोळा. गुरुजींच्या रजईत सारसांची चांगलीच भरभराट झाली.

नकलेची भानगड त्यांनी कधी केली नाही; दुसरा फॉर्म घरात कोराच पडून राही. खोट्याची नक्कल कशाला ठेवायची?

मोजणीच्या रविवारी चंद्रकलाबाई मात्र अंधारातच उठून जात आणि ऊन वर आल्यावर ओल्या पदरात शिंगाडे बांधून परतत. गुरुजी उकडलेले शिंगाडे खात खात फॉर्म भरत आणि त्यांच्याच हाती देत. टपालाचा डबा त्यांच्या पाण्याच्या वाटेवर होता.

महिन्याभराने मंडळाचं आभाराचं पत्र येई. 'इतकी प्रामाणिक मोजणी आम्हाला दुसरीकडून मिळत नाही.' ते वाचताना गुरुजींचे कान तापत. दुसऱ्या दिवशी वर्गात 'खरे बोलावे' हा धडा आला की ते पोरांना मनातल्या मनात वाचायला सांगत. शरम वाटे, फार वाटे. पण जानेवारी आला की रजई जिंकायची.

"कितीक लिवले होते यंदा?" चंद्रकलाबाईंनी विचारलं.

"सतरा."

त्यांचा हात सुपातच थांबला. "आन् टपालात कोनं टाकला?"

"मीच. तू भावाच्या लग्नाले कारध्याले गेली होतीस ना?"

त्यांनी सुपातला एक खडा काढून अंगणात भिरकावला. "साहेबाले खरं सांगून टाका."

"म्हंजे?"

"जे हाये ते," म्हणत त्या सूप घेऊन आत गेल्या. चौथी शिकलेली बाई. लग्नात उखाण्यात नवऱ्याचं नाव घेतलं तेवढंच. पुढे चोवीस वर्षांत ते कधी ओठांवर आलं नाही. अशी साधी बायको आपल्याला खरं बोलायला सांगते, याचीच गुरुजींना जास्त लाज वाटली.

रविवारी उजाडताना साहेबांची जीप आली. दोघं पाळीवर जाऊन उभे राहिले. धुकं विरलं. पलीकडच्या धानाच्या बांधीत सारसांची एक जोडी चरत होती. साहेबांनी दुर्बिणीतून तलावाचा काठ दोनदा पाहिला.

"दोनच आहेत, गुरुजी."

गुरुजींनी टोपी काढून हातात घेतली. "साहेब, मी खोटा मानूस हावो. सतरा मी घरी बसून लिवले."

"ते माझ्या ध्यानात आलंच होतं," साहेब म्हणाले. "एका वर्षात दोनाचे सतरा कसे होतील?"

"दोनाचे कसे? मांगच्या वर्षी तं सोळा होते. तेही खोटेच. सहा वर्षं झाली साहेब, मी या पाळीवर पाय ठेवला नाही."

"काय बोलता गुरुजी!" साहेबांनी जीपमधून फाईल आणली. "बाकी सगळ्या गावांचे आकडे दरवर्षी चढते. ते कुठून येतात, हे का मला कळत नाही? एकट्या तुमच्या गावाचे उतरत गेले. तेच धरून आम्ही आलेख काढला, तोच घेऊन पाटबंधारेवाल्यांच्या पाया पडलो की या तलावाचं पाणी सगळं सोडू नका. म्हणून तर ही जोडी अजून इथं आहे. यंदा तुमचा सतरा पाहून त्यांनी आमचा अर्ज परत पाठवला. म्हणाले, सारस वाढले की! आता तुम्हीच मला तोडगा सांगा."

गुरुजींनी फाईल हातात घेतली. पाच वर्षांचे पाच फॉर्म. अकरा. नऊ. सहा. चार. दोन. शेऱ्याच्या जागी पेन्सिलीने लिहिलं होतं, 'येक पिलू दिसला', 'धिवराच्या जाळ्यात येक मेला', 'पानी कमी'.

"पहिल्या वर्षानंतर यंदाच तुम्ही पूर्ण नाव लिहिलंत," साहेब म्हणाले. "तेव्हाच मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं."

गुरुजींनी फॉर्म डोळ्यांजवळ धरला. मग दुसरा, मग तिसरा. पाचही फॉर्मांवर 'मोजणाऱ्याचे नाव' याच्यापुढे जपून, एकेक अक्षर सुटं सुटं काढून लिहिलं होतं, 'ललिताचे बाबा'.