गॅसवर धरलेली ढोलकी

"ढोलकी उतरली गं," म्हणत आनंदामामा स्वयंपाकघरात शिरले, तेव्हाच मला कळायला हवं होतं. यंदा दिवा गावातल्या आमच्या घरच्या गणपतीसमोर बकऱ्याच्या कातड्याची ढोलकी नको, असा विनिताकाकूंचा हट्ट होता. म्हणून डोंबिवलीच्या आमच्या लॅबमध्ये पेशींपासून वाढवलेलं कातडं मी लाल कापड गुंडाळलेल्या एका नव्या ढोलकीवर चढवून आणलेलं. काकूंना सांगितलं, यात एकही बकरा मेलेला नाही. कुरकुरणाऱ्या मामांना सांगितलं, हे अगदी खऱ्यासारखंच आहे. मामांनी तेवढंच मनावर घेतलं. दमट हवेत सैल पडलेलं कातडं ते जन्मभर शेकत आले, तसंच हेही त्यांनी गॅसवर धरलं. मी धावत पोचले तोवर मधोमध भोक पडलेलं. "अहो मामा, विचारायचं तरी!" "तूच म्हणालीस ना, खऱ्यासारखं आहे म्हणून?" ते माझ्यावरच खेकसले. बाहेरून काकूंनी विचारलं, "काय जळलं गं?" "दूध!" मामाच ओरडले. मग पिशवीत लपवून आणलेली आपली जुनी ढोलकी त्यांनी काढली, बकऱ्याचं कातडं शेकलं आणि नव्या ढोलकीचं लाल कापड तिला गुंडाळलं. आरतीला अशी थाप पडली की खिडकीच्या काचा थरथरल्या. "बघा आनंदाभाऊ, उगाच नाक मुरडत होतात," काकू भरल्या डोळ्यांनी म्हणाल्या, "आमच्या पोरीने बनवलेलं कातडं कसं खणखणीत वाजतंय!" मी दातओठ खात टाळ्या वाजवत राहिले.