आधी खडू, मग कात्री

लग्न होऊन सटाण्याहून नाशिकला आलेली रोशनी सासऱ्यांशी अजून मान हलवूनच बोलायची. अण्णा नावाजलेले शिंपी, पण पेपरात नव्यानंच आलेलं सुडोकू सोडवताना थेट पेनानं आकडे ठोकायचे. शेवटी एकाच ओळीत दोनदा सात यायचा आणि राग गिऱ्हाइकांवर निघायचा. आज त्यांनी पुन्हा पेन उचललं, तसं तिच्याच्यानं राहवेना. “अण्णा, खडूची खूण केल्याशिवाय कापडाला कात्री लावता का?” सासूबाईंचं मशीन थांबलं. अण्णांनी चष्म्यावरून पाहिलं. रोशनीनं घाबरतच पेन्सिल पुढे केली. “चौकटीत बसतील ते आकडे आधी कोपऱ्यात बारीक मांडायचे. एकच उरला, की पक्का.” दुपारी दुकानातून आरोळी आली, “बसलं गं, सगळं बसलं!” अण्णांनी पेन्सिलीचे दोन तुकडे केले, एक कानामागे खोचला, दुसरा सुनेपुढे धरला. “उद्यापासून जोडीनं सोडवू. तुझ्या डोक्याची कात्री माझ्या कात्रीपेक्षा धारदार आहे!”